नर्सरीवाल्याचे तीन शब्द आणि तुमच्या अकरा कुंड्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर घर, पश्चिमेची बाल्कनी आणि वर वाट्याला आलेली थोडी गच्ची. गेल्या जूनमध्ये अकरा कुंड्या आणल्या, यंदाचा मे संपता संपता चार उरल्या. त्यातल्या संत्र्याला बुडातून जोमदार, काटेरी फूट आली आहे आणि मोगरा पिवळा पडतो आहे. पुन्हा नर्सरीत गेलात तेव्हा तिथल्या माणसानं सांगितलं, "वाफसा आल्याबिगर पाणी देऊ नका, खुंटाची फूट काढत जा, अन् डोळा मातीत गाडू नका." तुम्ही मान हलवून घरी आलात, पण काहीच कळलं नव्हतं. आता विचारताय, घरच्या बागेसाठी लागणारे मूळ शब्द कुणी एकदा नीट सांगेल का.

मी नागपुरात रोपवाटिका चालवते, त्याला २६ वर्षं झाली. त्या माणसानं तुम्हाला चांगले तीन शब्द दिले, फक्त उघडून दाखवले नाहीत. आमच्या धंद्यात हे नेहमीच होतं. दिवसभर तेच शब्द तोंडात असतात, समोरच्याला ते ठाऊक नसतील हे लक्षातच येत नाही. मी शब्दकोश देणार नाही. ज्या शब्दांचा अर्थ चुकला की नागपुरात झाड मरतं, त्यांच्यावर थांबते. बाकीचे चालता चालता.

सगळ्यात आधी वाफसा, कारण तुमच्या सातपैकी निदान चार कुंड्या यानंच गेल्या असणार.

शेतकरी पेरणीआधी म्हणतो, वाफसा येऊ दे. म्हणजे पाऊस पडून गेला, वरचं जादा पाणी खाली उतरलं, पण माती कोरडी नाही. मातीत बारीक पोकळ्या असतात आणि मोठ्या पोकळ्या असतात. वाफसा असतो तेव्हा बारीक पोकळ्यांत पाणी धरलेलं असतं आणि मोठ्यांतलं पाणी निघून तिथे हवा शिरलेली असते. मुळांना दोन्ही लागतं. मूळही श्वास घेतं, ही गोष्ट कुंडीवाले विसरतात. मोठ्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मूळ गुदमरतं, मग कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही म्हणून पानं मलूल होतात. मलूल पान पाहून माणूस आणखी पाणी ओततो. मेलेली कुंडी घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि शपथेवर सांगतात की रोज दोनदा पाणी देत होतो. आमच्याकडे भंडाऱ्याकडचे एक काका कामाला आहेत, ते अशा वेळी सरळ विचारतात, "रोज दोनदा कायले पाजून राहिले तुमी? बिमार आहे का ते?"

वाफसा ओळखायचा बोटानं. तर्जनी दोन पेरं आत घाला. बोटाला चिखल लागला तर पाणी नको. बोट कोरडं, धुळकट निघालं तर उशीर झाला. गारवा लागला, मातीचे दोन-चार कण चिकटले आणि झटकले की पडले, तर तो वाफसा. या अवस्थेतून माती जरा कोरडीकडे झुकली की पाणी द्यायचं, आणि द्यायचं तेव्हा बुडाच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं. रोज वाटीभर शिंपडण्यानं वरची दोन बोटं ओली राहतात, खाली मुळं तहानलेली.

म्हणूनच "आठवड्यातून किती वेळा पाणी घालू" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. गच्चीवरची ८ इंची कुंडी मे महिन्यात सकाळी भरली तर संध्याकाळपर्यंत वाफशाच्या खाली जाते. तीच कुंडी जुलैच्या झडीत पाच दिवस ओली राहते. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, प्लास्टिकची सोडत नाही. तेव्हा वेळापत्रक बोटाचं.

एक मात्र लक्षात ठेवा. नवतपात, म्हणजे २५ मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत, दुपारी दोन वाजता जवळपास प्रत्येक रुंद पानाचं झाड मान टाकतं. कुंडीत ओल असली तरी टाकतं. पानांतून पाणी उडतं त्या वेगानं मूळ पुरवू शकत नाही, इतकंच त्याचं कारण. सूर्य उतरला की झाड आपोआप उभं राहतं. त्या वेळी पाणी ओतू नका. सकाळी सहा-सातला पाहा. सकाळीही मलूल असेल तर खरी तहान आहे, किंवा मूळ सडलं आहे. दोन्हींतला फरक बोट सांगतं.

वाफसा कुंडीत येण्यासाठी निचरा लागतो, आणि इथे आपल्या काळ्या मातीची गोष्ट सांगायलाच हवी. नागपूरभोवतीची काळी, कपाशीची जमीन शेतात सोनं आहे. कुंडीत तिच्यासारखी फसवी माती नाही. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. कुंडीत काय होतं ते एकदा बसून पाहा. दोन-तीन दिवस पाणी चुकलं की मातीचा गोळा आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतो, कडेनं काडी जाईल एवढी फट पडते. तुम्ही पाणी ओतता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. तुम्हाला वाटतं, झालं, निथळलं. गोळा आतून वीटेसारखा कोरडाच. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी लागते, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग बाहेर काढून निथळू द्यायची, आणि पुढच्या मोसमात ती माती बदलायची.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी गिट्टी किंवा खापऱ्यांचा थर टाका, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. मीही पहिली काही वर्षं हेच सांगत होते. चूक होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात तोवर उतरत नाही, जोवर वरची माती पूर्ण तुडुंब होत नाही. म्हणजे गिट्टीमुळे पाणी उलट वर अडून बसतं, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते ती वेगळीच. भोकावर खापराचा एक वाकडा तुकडा, माती वाहून जाऊ नये म्हणून, एवढं पुरे. निचरा सुधारायचा तर तो सगळ्या मातीत सुधारावा लागतो.

त्यालाच आम्ही मिश्रण म्हणतो. आता सगळे पॉटिंग मिक्स म्हणतात, चालेल. माझं साधं प्रमाण: दोन वाटे लाल किंवा पोयट्याची, म्हणजे गाळाची माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटा हलकं करणारं काहीतरी. या शेवटच्या वाट्यासाठी सगळे कोकोपीटकडे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाकडे, धावतात. कोकोपीट वाईट नाही, पण ते पाणी धरून ठेवतं आणि एकदा कडक वाळलं की पुन्हा पाणी घ्यायला कुरकुरतं. शिवाय कोकोपीटच्या हलक्या प्रतीच्या विटेत क्षार असतात, म्हणून ती भिजवून दोनदा धुऊन घ्यावी. आपल्याला त्याहून स्वस्त सोय आहे. भंडारा-गोंदिया हा धानाचा पट्टा, तिथलं धानाचं तूस इथे मिळतं. तुसानं माती मोकळी राहते. कन्हान नदीची जाड रेती थोडी मिसळली तरी काम होतं. मात्र काळी माती आणि रेती एवढंच एकत्र करू नका, त्याचा जवळजवळ गिलावा होतो.

"पूर्ण कुजलेलं" हा शब्द वाचताना डोळे मिटू नका. ताजं शेण खत नाही. ते कुजताना तापतं, कोवळी मुळं भाजतात, आणि त्यातून तण नि हुमणीच्या अळ्या फुकट येतात. कुजलेलं शेणखत काळसर, भुसभुशीत असतं. त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, गोठ्याचा येत नाही. पिशवी उघडून वास घ्या. लाजू नका, आम्हीही घेतो. गांडूळखत, कंपोस्ट, शेणखत यांत नवशिक्यानं फार भेद करू नये. तिन्हींचं मुख्य काम मातीचा पोत सुधारणं आणि तिच्यात जीव ठेवणं. झाडाला त्यातून अन्न मिळतं, पण हळूहळू आणि थोडं.

अन्नाचा हिशेब खताच्या पिशवीवरचे तीन आकडे सांगतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), याच क्रमानं. १९:१९:१९ म्हणजे १०० ग्रॅम खतात प्रत्येकाचे १९ ग्रॅम, स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या हिशेबात. नत्रानं पाला वाढतो, स्फुरदाचा वाटा मुळांत आणि फुलाफळांत मोठा, पालाश झाडाला कणखर ठेवतो आणि फळ भरतो. विद्राव्य खत म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारं. कुंडीला लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही झाड वाढत असताना. लोक चमचा गच्च भरून टाकतात आणि दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा जळाल्या म्हणून येतात. मे महिन्यात मी खत जवळपास बंद ठेवते. ४५ अंशांत झाडाला जगायचं असतं, वाढायचं नसतं.

आता तुमचा पिवळा मोगरा. पिवळा म्हणजे कसा पिवळा, ते तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. नत्र झाडाच्या आत हलतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, घरातलं मोठं माणूस आपल्या ताटातली पोळी लेकराला देतं तसं. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, अशी जाळी दिसत असेल तर ते लोह आहे. लोह हलत नाही, म्हणून कमतरता नव्या पानावर दिसते.

आणि इथे सामू हा शब्द लागतो. सामू म्हणजे पीएच, माती आम्ल (आंबट) की विम्ल (अल्कधर्मी) ते दाखवणारा आकडा. ७ मधला, त्याखाली आम्ल, वर विम्ल. आपल्याकडची काळी माती साधारण ७.५ ते ८.५ च्या घरात, आणि पुष्कळ ठिकाणी चुनखडीची. मातीत पांढरे खडे दिसले तर एकावर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसलं तर चुनखडी. अशा मातीत लोह भरपूर असतं, पण झाडाला घेता येत नाही, कारण विम्ल मातीत ते विरघळतच नाही. बँकेत पैसे आहेत आणि खातं गोठलेलं, तशी गत. हिराकस, म्हणजे लोहाचं साधं सल्फेट, आणून मातीत टाकली तर चुनखडी तिलाही बांधून टाकते. म्हणून चिलेटेड लोह घ्यायचं, म्हणजे लोहाच्या कणाला असं आवरण दिलेलं की मातीत तो अडकत नाही. पाकिटावर ईडीटीए आणि ईडीडीएचए अशी दोन नावं दिसतील. आपल्या विम्ल मातीत दुसरं टिकतं. महाग आहे, पण चिमूटभरच लागतं. मोगरा, जास्वंद, एक्झोरा, संत्रा, गंधराज ही आपल्याकडे लोहासाठी रडणारी झाडं.

सामू आणि क्षार यांत पाण्याचाही हात असतो. बोअरचं जड पाणी देणाऱ्यांच्या कुंड्यांच्या काठावर पांढरी किनार धरते, ती क्षाराची. आता नागपूरची खास चूक सांगते. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालतात, पाणी वाया जाऊ नये म्हणून. भावना चांगली, पण कूलर दिवसभर पाणी उडवतो, क्षार मागेच राहतात. दोन-तीन दिवस फिरलेल्या टाकीतलं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारं झालेलं असतं. टाकीच्या भिंतीवरचा तो खरखरीत पांढरा थर आठवा. ते पाणी अंगणात शिंपडा, फरशी धुवा, कुंडीत नको.

आता दुसरा आणि तिसरा शब्द, खुंट आणि डोळा. हे दोन एकत्रच कळतात, आणि संत्र्यावरून जितके सोपे कळतात तितके दुसऱ्या कशावरून नाही.

संत्र्याचं झाड नर्सरीत बियांपासून लावत नाहीत. बी लावतात जंबेरीची. हे रानटी वळणाचं, जाड सालीचं खडबडीत लिंबू. त्याची मुळं काटक. ते रोप पेन्सिलएवढं जाड झालं की जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक कळीसारखा डोळा सालीच्या तुकड्यासह काढून त्या छेदात सरकवतात आणि पट्टीनं बांधतात. याला डोळा भरणे म्हणतात. डोळा जुळला, फुटला, की त्याच्या वरची जंबेरी कापून टाकतात. पुढे दिसतं ते झाड संत्र्याचं, पण पाय जंबेरीचे. ते पाय म्हणजे खुंट. वरुड आणि शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत डोळा भरणारे हात पाहण्यासारखे असतात. मला एक डोळा भरायला लागतो तेवढ्या वेळात ते तीन-चार भरतात.

तुमच्या कुंडीजवळ खाली बसून खोड पाहा. कुठेतरी किंचित वळण किंवा गाठ दिसेल, वरची साल आणि खालची साल थोडी वेगळी. ती डोळ्याची जागा. तिच्या वरचं सगळं संत्रं, खालचं सगळं जंबेरी. खालून येणारी फूट म्हणजे खुंटाची फूट. ती जोमानं वाढते, कारण मुळं तिचीच आहेत, आणि ती वरच्या संत्र्याचं अन्न पळवते. माझ्या एका मावशींच्या अंगणात संत्र्याला नऊ वर्षांनी फळ लागलं तेव्हा ते खडबडीत आणि दात आंबवणारं निघालं. मावशी म्हणाल्या, जमीनच बाधली. जमीन बिचारी निर्दोष होती. संत्रं कधीच वाळून गेलं होतं, वाढत होती ती जंबेरी, आणि तिला मावशी नऊ वर्षं शेणखत घालत होत्या.

डोळा मातीत का गाडायचा नाही? संत्र्याची साल ओल्या मातीला टेकली की बुरशी शिरते, खोडातून डिंक ओघळायला लागतो. त्याला शेतकरी डिंक्याच म्हणतात. जंबेरीही पूर्ण सुटत नाही, पण वरचं संत्रं त्याहून नाजूक. म्हणून डोळ्याची जागा मातीच्या निदान चार-सहा बोटं वर हवी. कुंडीत दरवर्षी वरून माती टाकत गेलं की ती हळूहळू पुरली जाते, इकडे लक्ष ठेवा. अंगणात झाड असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. एका झाडाला याचा अगदी थोडा भाग पुरतो. भांडं लोखंडाचं नको, प्लास्टिकचं घ्या. आणि संत्र्याचं रोप घेताना ते कुठल्या मातृवृक्षाचं, म्हणजे डोळा कुठल्या झाडावरून घेतला, हे विचारायची सवय लावा. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्याच नागपुरात अमरावती रोडला आहे, आपल्यासारखी सोय किती गावांना असेल?

बाकी कलमांचं थोडक्यात. गुटी म्हणजे झाडावरच फांदीची साल अंगठीसारखी सोलायची, ओलं शेवाळ किंवा कोकोपीट बांधायचं, मुळं फुटली की कापून लावायची. डाळिंब, लिंबू, पेरू यांना पावसाळ्यात करतात. छाट कलम म्हणजे नुसती फांदी खोचणं, जास्वंद-बोगनवेल त्यानं लागतात. आंब्याला कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या आंब्याची काडी बांधणं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की कलमी झाड आई-झाडासारखंच निघतं, बीचं निघेलच असं नाही. भाजीच्या बियांत हाच मुद्दा संकरित आणि सरळ वाण या शब्दांत येतो. संकरित म्हणजे हायब्रीड, दोन वेगळ्या वाणांचा पहिला संकर. त्याचं पीक जोरात येतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर रोपं भिन्न भिन्न निघतात. सरळ वाणाचं बी धरता येतं. भिवापुरी मिरचीसारखं गावरान बी हाती लागलं तर जपा, दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही.

ताण हा चौथा शब्द. त्या माणसानं तो सांगितला नाही, पण मोगरा असेल तर तुम्हाला लागेल. ताण देणं म्हणजे मुद्दाम पाणी तोडणं, झाडाला वाढ थांबवायला लावणं, म्हणजे नंतर पाणी-खत मिळताच ते फुलावर येतं. संत्र्याचे बहार, म्हणजे फुलण्याचे हंगाम, यावरच चालतात. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि फळ ऑक्टोबरपासून. मृग बहाराला पावसाच्या तोंडावर फूल येतं आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करायचं, जानेवारीअखेर छाटणी, मग खत आणि पाणी. मार्चपासून ओंजळ भरते. बोगनवेलीला तर सतत लाड केले की नुसता पाला येतो. कुंडीतल्या लहान संत्र्याला मात्र अजून ताण देऊ नका, त्याची मुळं तेवढी खोल नाहीत.

ऊन हा शब्द सगळ्यांना कळतो असं वाटतं, पण रोपाच्या चिठ्ठीवरच्या "पूर्ण ऊन" या दोन शब्दांनी नागपुरात जेवढी झाडं भाजली तेवढी कुठल्या किडीनं खाल्ली नसतील. पूर्ण ऊन म्हणजे दिवसातून निदान सहा तास थेट सूर्य. बरोबर, पण ते सहा तास सकाळचे की दुपारचे? तुमची बाल्कनी पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये तिथे दुपारी एक ते सहा आग असते आणि मागची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहते. मार्चच्या मध्यापासून पावसापर्यंत ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. शक्य असेल तर भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे मधून वारा खेळतो. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, मोठ्या बाहेर, लहान आत.

आणि हार्डनिंग. आमच्याकडे म्हणतात रोप काटक करणं. नर्सरीतलं रोप जाळीखाली वाढलेलं असतं. ते आणून त्याच दिवशी गच्चीवर ठेवलं तर दोन दिवसांत पानांवर पांढरट चट्टे येतात, माणूस त्याला रोग समजतो आणि औषध फवारतो. पहिले तीन दिवस सावलीत, मग सकाळचा एक तास ऊन, मग दोन, असं आठ-दहा दिवसांत मोकळं करायचं. तुम्ही जूनमध्ये आणलेली रोपं ढगांमुळे वाचली. सप्टेंबरअखेर ढग हटले, तेव्हा एक-दोन गेली असतील.

आच्छादन, म्हणजे मल्चिंग, उन्हाळ्यात अर्धं पाणी वाचवल्यासारखं वाटतं. वाळलेला पाला, तूस, काहीही, दोन बोटं जाड, खोडापासून दोन बोटं दूर. एक वर्षी मी चौकातल्या रसवंतीवरून उसाची चिपाडं फुकट मिळाली म्हणून पोतं भरून आणली. तिसऱ्या दिवशी अख्ख्या नर्सरीत मुंग्या, आणि मुंग्यांच्या मागोमाग मिलीबग, ज्याला पुस्तकात पिठ्या ढेकूण म्हणतात, कारण मुंग्या त्यांना गोड रसासाठी पाळतात. महिनाभर ते धुण्यात गेला.

कीड आणि रोग हे शब्द लोक एकच समजतात. कीड म्हणजे जीव, भिंगानं तरी दिसतो: मावा, तुडतुडे, फुलकिडे, लाल कोळी, मिलीबग. रोग बहुधा बुरशीचा: भुरी, करपा, मर. आणि तिसरं, जे दोन्हींपैकी नाही, ऊन, पाणी, खत यांनी झालेलं. घरच्या बागेत हे तिसरंच सर्वांत जास्त. औषध विचारण्याआधी पान उलटून पाहा. उन्हाळ्यात पानाच्या मागे बारीक जाळं आणि ठिपके दिसले तर लाल कोळी, रोज पाण्याचा फवारा पानाखालून मारला तरी कमी होतो. रस शोषणाऱ्या बाकी किडींना निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीचं कूट रात्री पाण्यात भिजवायचं, सकाळी गाळून एक लिटर करायचं, साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवारायचं. विकतचं औषध घ्यावंच लागलं तर डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. बाल्कनीत लाल आणि पिवळा आणूच नका.

वेल लावणार असाल तर नर फूल आणि मादी फूल ओळखा. दोडका-भोपळ्याला आधी नुसती नर फुलं येतात, ती गळतात, लोक घाबरतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं इवलं फळ आधीच असतं. दुसऱ्या मजल्यावर मधमाशी आली नाही तर नर फूल तोडून मादीवर हलकेच फिरवायचं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. वेळ चुकली तर काही उपयोग नाही. शेंडा खुडणे म्हणजे टोक चिमटीनं तोडणं, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. शेवंती, झेंडू, तुळस यांना करा. छाटणीला कात्री लागते, खुडायला नखं पुरतात. विरळणी म्हणजे दाट उगवलेल्या रोपांतली दुबळी उपटणं. जीव होत नाही, पण करावं लागतं.

आता तुमच्या संत्र्याकडे. बुडाची माती थोडी बाजूला करा, ती काटेरी फूट नेमकी कुठून निघाली ते शोधा. डोळ्याच्या गाठीखालून असेल तर कोवळी असताना अंगठ्यानं मुळापासून खाली ओढून काढा. कात्रीनं खोडाबाहेर कापली तर तिथून दोन फुटतात. जाड झाली असेल तर धारदार चाकूनं खोडाला लागून कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट चोपडा. मग गाठीच्या वरच्या खोडाची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर संत्रं जिवंत आहे. पाणी वाफशावर ठेवा, वर सांगितलेली हिरवी जाळी पावसापर्यंत राहू द्या, पाऊस लागला की ते फुटेल. तपकिरी आणि कोरडं दिसलं, तीन-चार ठिकाणी खरवडूनही, तर फूट काढू नका. तुमच्याकडे आता जंबेरी आहे. डोळा भरता येणारं कुणी ओळखीचं असेल तर फूट पेन्सिलएवढी जाड झाल्यावर, पावसाळा सरून थंडी लागायच्या आधी, त्यावर नवा डोळा भरून घ्या.